अबोली मस्कतला जाणार नाही

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ९.

आमच्या मुलानं, अजिंक्यनं, इडली खाता खाता सांगितलं की अबोली मस्कतला जाणार. चटणी वाढ म्हणल्यासारखं सांगितलं.

अबोली आमची घोडी. वय अकरा. बेंगळुरात कनकपुरा रोडला, तलघट्टपुऱ्याच्या पुढं आमचा तबेला आहे, पोरांना घोड्यावर बसायला शिकवायचा. ती जागा मालकाला डिसेंबरात परत पाहिजे. फ्लॅट होणार. पाच घोडी गेल्या महिन्यात मोतद्दारासकट म्हैसूरच्या रायडिंग स्कूलला गेली. अबोलीला त्यांनी घेतलं नाही, चावते म्हणाले. चावते, पण माणूस बघून. म्हैसूरच्या मॅनेजरला मीपण चावले असते.

आता मस्कतला म्हणजे आमच्या अंजलीकडं. नात मैत्रेयी दर मे महिन्यात येऊन हिच्याच पाठीवर शिकली. जावयानं तिथं तबेला बघून ठेवलाय. सगळं ठरलंय. मला विचारलं का, तर नाही. अकरा वर्षांपूर्वी ही जन्मली तेव्हा आप्पाजींनी ओली तशी माझ्या पदरात टाकली. (आप्पाजी म्हणजे आमचे हे. जाऊन तीन वर्षं झाली, आता नाव घ्यायला भ्यायचं कारण नाही.) नवं लुगडं गेलं माझं. तेव्हापासून ती माझी.

मी दुसरी इडली घेतली. ठरवून टाकलं. अबोली जाणार नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार.

घोडं परदेशी पाठवायचं म्हणजे फार सोंगं असतात म्हणे. रक्त तपासतात. लस टोचतात. मग महिनाभर एकटं ठेवतात. पासपोर्ट असतो, त्यात घोड्याचं चित्र. माझा पासपोर्ट नाही, घोडीचा आहे.

ही सगळी माहिती सूनबाईनं दिली. वीणा पुण्याची. बोम्मसंद्र्याच्या कंपनीत प्लॅनिंगला आहे. अबोलीचं एक्सेल केलंय तिनं. हिरवं, पिवळं, लाल. मी म्हणलं, माझंपण एक्सेल आहे का गं. ती म्हणाली, आई, तुमचं सगळं लालच येईल. आणि हसली. पुण्याची माणसं हसतात तेव्हा मला आवडत नाहीत.

दुपारी तबेल्यात सरकारी डॉक्टरीण आली. धनलक्ष्मी नाव. गुडघ्याएवढे रबरी बूट. कन्नडमध्ये बोलायला लागली. मला तिच्यापेक्षा चांगलं कन्नड येतं, पण मी मुद्दाम मराठीतच उत्तरं दिली. स्वल्प त्रास झालाच पाहिजे. मानेतून तीन नळ्या रक्त काढलं, तीन रंगांची बुचं. एक ग्लँडर्सला, त्यात नाकातून घाण येते नि अंगावर गाठी. एक रक्त आटतं त्या रोगाला. एक सर्रा, तो माश्या चावून होतो. मी म्हणलं, हट्टीपणाची नळी नाही का. ती म्हणाली, ती तपासणी घरच्या माणसांची असते, अम्मा.

उत्तर बरं देते. आवडली नाही.

अबोलीनं कान हलवला नाही. मला वाटलं होतं निदान एक तरी बूट चावेल.

५ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी १.

प्लॅन अगदी सोपा आहे. रिपोर्ट वाईट आला की घोडी देशाबाहेर जात नाही. एक्सेलमध्ये लिहिलंय तसं.

राहुकाळात बनशंकरीच्या देवळात गेले. नऊ लिंबांचे दिवे लावले. लिंबू कापायचं, पिळायचं, साल उलटी करून त्यात तूप-वात. माझ्या पुढची बाई पोरीच्या लग्नासाठी लावत होती. मला विचारलं, तुमचं काय. मी म्हणलं, रक्ताचा रिपोर्ट आहे. ती म्हणाली, देवी चांगला करेल. मी म्हणलं, नको, वाईट पाहिजे. ती आपलं ताट घेऊन लांब जाऊन बसली.

रिपोर्ट आठवड्यात येतो. आपण निवांत.

९ सप्टेंबर, मंगळवार. सायंकाळी ६.

दमले. बसून लिहिते.

सकाळी बूटवाली फ्लूची लस टोचायला आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा रिपोर्ट वाईट आला तर घोडी घरीच राहणार ना. तिनं हातमोजे काढले. म्हणाली, अम्मा, ग्लँडर्स निघाला तर घरी नाही. कायदा आहे. इंजेक्शन देऊन झोपवायचं. खोल खड्डा, वर चुना. तबेला धुवायचा, तुम्हा सगळ्यांची पण तपासणी. मी म्हणलं, नाक वाहतं म्हणून? ती म्हणाली, माणसालाही होतो, मरतात.

हे आधी सांगायला काय झालं होतं? सरकारी माणसं अर्धंच सांगतात.

दुपारी ऑटो केली. तीन ते साडेचार राहुकाळ. ऑटोवाला म्हणाला, बनशंकरी टेंपल मंगळवारी रश् असतं, यायचं नाही. मी म्हणलं, तुझ्या आईच्या वयाची बाई आहे, घोडीच्या जिवाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, कसली घोडी. सगळं सांगेपर्यंत देऊळ आलं.

अठरा दिवे लावले. देवीला सांगितलं, शुक्रवारचं माझं खोडून टाक. ते मी नव्हते. माझ्या नावाची दुसरी कुणीतरी बाई होती. तरी काळजी वाटते, देवीनं आधीचंच आधी घेतलं तर. सरकारी ऑफिसात तसंच असतं.

१३ सप्टेंबर, शनिवार.

रिपोर्ट आला. तिन्ही निल.

अजिंक्यनं मला मिठी मारली. चाळीस वर्षांचा माणूस. मी म्हणलं, मला माहीत होतं. हे खरंच आहे, माझ्याचमुळे पास झाली. कुणाला सांगता येत नाही.

पण म्हणजे ती आता जाऊ शकते. हे देवीला नीट समजावून सांगायला पाहिजे होतं. निल पाहिजे, पण जायला नको. घाईत राहिलं.

१५ सप्टेंबर, सोमवार.

आजपासून अबोलीचे तीस दिवस. आयसोलेशन. दुसऱ्या घोड्याचा श्वाससुद्धा लागता कामा नये, लागला तर मोजणी पहिल्यापासून. आमच्या रिकाम्या तबेल्यात चालतंय म्हणाली बूटवाली, आसपास दुसरं घोडं नाही म्हणून.

प्रश्न आला, बघणार कोण. मोतद्दार म्हैसूरला. मी म्हणलं, मी. वीणाला ठसका लागला. अजिंक्य म्हणाला, आई, तुझे गुडघे. मी म्हणलं, घोडीला माझे गुडघे लागत नाहीत. बूटवालीनं वय विचारलं. साठ सांगितलं. आधार कार्डावर सदुसष्ट निघालं. तिनं सदुसष्ट लिहिलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं.

वीणानं नियम छापून, प्लास्टिकमध्ये घालून दाराला लावले. आत जाताना चप्पल बदला. पाय औषधाच्या ट्रेमध्ये बुडवा. सकाळ-संध्याकाळ ताप बघून रजिस्टरला लिहा. पाहुणे नकोत. इंग्रजीत आहेत. मी सातवी शिकलेली, वाचायला येत नाही असं तिला वाटतं. येतं. पाळायला येत नाही एवढंच.

आता सगळं माझ्या हातात आलंय. मूर्ख लोक. जिला घोडी पाठवायची नाही तिलाच राखणीला बसवलं.

१७ सप्टेंबर, बुधवार.

ताप: सकाळी ३७.९, संध्याकाळी ३८.१. कुठून बघतात ते लिहीत नाही. अबोली मान वळवून बघत होती, हे वय आहे का तुझं, असं.

संध्याकाळी ४० लिहायचं ठरवलं होतं. ताप म्हणजे लांबणीवर. पेन टेकवलं, मग खड्डा आठवला आणि चुना. खरा आकडा लिहिला. मी स्वभावानंच खरी आहे.

२० सप्टेंबर, शनिवार.

नवा प्लॅन. हा फारच चांगला आहे, मलाच कौतुक वाटलं.

पासपोर्टात अबोलीचं चित्र आहे. दोन्ही बाजूंनी. कपाळावर पांढरा टिळा, मागचा डावा पाय गुडघ्यापर्यंत पांढरा. मानेवर भोवरा कुठं तेपण. ही खूण जुळली नाही तर ही घोडी ती घोडी नाही. विमानतळावरून परत.

गांधी बझारातून मेंदी आणली. चहाचं पाणी, लिंबू, लोखंडी कढई. रात्रभर भिजवली, जुन्या पद्धतीनं. सकाळी जाऊन पांढऱ्या पायाला लावली, वर जुनं धोतर बांधलं आप्पाजींचं. दोन तास उभी राहिली बिचारी. मीपण. नवरीसारखी रंगली. घोडीला मेंदी लावायची आपल्याकडं पद्धतच आहे. कुणी विचारलं तर संस्कृती.

कपाळाचा टिळा राहिला. मेंदी संपली. उरली ती मी केसांना लावली.

२३ सप्टेंबर, मंगळवार.

बूटवाली आली. पायाकडं बघितलं. मग माझ्या केसांकडं. म्हणाली, अम्मा, दोघींचं एकाच दिवशी लग्न आहे का?

मी म्हणलं, आमच्यात पद्धत आहे. ती म्हणाली, सरी, बरं. पिशवीतून एक काळा डबा काढला, अबोलीच्या मानेला लावला. टुंक. आतमध्ये तांदळाएवढी चिप आहे म्हणे, तिचा नंबर पासपोर्टशी जुळला. रजिस्टरला लिहिलं: डावा मागचा पाय, मेंदी. सही केली. गेली.

माझ्या घोडीच्या मानेत चिप आहे हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही. आप्पाजींनीसुद्धा नाही. मेलेल्या माणसाला काय विचारणार. तरी आज फोटोला फूल घातलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार.

मैत्रेयीचा फोन. व्हिडिओ. चौदा वर्षांची आहे, आईपेक्षा उंच दिसते. म्हणाली, आजी, अबोली कशी आहे, मला मिस करते का. मी म्हणलं, तुझं नाव काढलं की लीद टाकते. ती खूप हसली. मग म्हणाली, आजी, मी तिचा स्टॉल स्वतः पेंट केलाय, लाईट ब्लू. मी म्हणलं, घोड्यांना रंग कळत नाहीत. ती म्हणाली, निळा कळतो, मी वाचलंय.

ही पोरगी फार वाचते. लक्षात ठेवायला पाहिजे.

२९ सप्टेंबर, सोमवार.

चौदा दिवस झाले. रजिस्टर इतकं स्वच्छ आहे की वीणानं फोटो काढून कंपनीतल्या मैत्रिणींना पाठवला. मदर-इन-लॉ ऑन ड्यूटी, असं काहीतरी.

आता साधंसुधं करून भागायचं नाही. मोजणी मोडलीच पाहिजे. दुसरं घोडं पाहिजे. निरोगी, खड्ड्याबिड्ड्याची भानगड नको.

उमाकांतला फोन केला. जे. पी. नगरला असतो, वरातीला घोडा देतो. त्याचा सुलतान धडधाकट आहे. दर वर्षी आयुधपूजेला आप्पाजी त्याला बोलवायचे, आमची घोडी आणि त्याचा सुलतान शेजारी बांधून पूजा व्हायची. मी म्हणलं, ह्या वर्षी खंड नको. तबेल्याची शेवटची पूजा. उमाकांत फोनवरच हळवा झाला. म्हणाला, तानक्का, येतो की, नक्की येतो. आयसोलेशनचं सांगितलं नाही. त्याला इंग्रजी येत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी २.

झालं. सगळं झालं. किती छान झालं.

कोहळ्याला भोक पाडून कुंकू भरलं. खोगीर, लगाम, नालांची हातोडी मांडून हळद वाहिली. बेंगळुरात आज बसगाड्यांनासुद्धा केळीचे खुंट बांधतात, आमच्या घोडीला का नाही. मला कुणी कुंकू लावत नाही, मी अबोलीला मूठभर लावलं. सुलतान आला तो गळ्यात झेंडूची माळ, डोक्यावर तुरा. मी ट्रे बाजूला सरकवला, औषधात त्याच्या पायातले चांदीचे तोडे काळे पडले असते. दोघांनी नाकाला नाक लावलं. चांगलं पाच मिनिटं. अबोलीनं त्याची माळ खाल्ली. कोहळा फोडला.

उमाकांत रडला. मीपण रडले. माझं नाटक होतं.

मग रजिस्टरला माझ्या हातानं लिहिलं: दुपारी १२, दुसरा घोडा आला, नाक लावलं. लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. आणि न लिहून कसं चालेल, मोजणी मोडायची तर कळायला पाहिजे ना.

आता परत तीस दिवस. मग मी परत मोडीन. दिवाळी आहे, कन्नड राज्योत्सव आहे. आपल्याकडं सणांना तोटा नाही. डिसेंबरपर्यंत मस्कतवाले कंटाळतील.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

अबोलीला नेलं.

सकाळी नऊला गाडी आली. बूटवाली म्हणाली, घरचं आयसोलेशन रद्द. आता सरकारी क्वारंटाइनला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तीस दिवस तिथं. माणसं त्यांची, चारा त्यांचा. मी म्हणलं, आणि मी? ती म्हणाली, आगल्ल अम्मा, जमणार नाही. भेट नाही.

मी म्हणलं, ती माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. कालपर्यंत राखण मीच केली. ती म्हणाली, हो, वाचलं रजिस्टर. अक्षर छान आहे तुमचं.

अजिंक्य एक शब्द बोलला नाही. वीणा पण नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, मी तयार होते.

गाडीत चढताना अबोली अडली. मला वाटलं आता चावते. नुसतं वळून बघितलं नि चढली.

दुपारी उमाकांतचा फोन. सुलतानचंही रक्त घेतलंय, रिपोर्ट येईपर्यंत वरात बंद. म्हणाला, तानक्का, तुम्ही मला बोलावून फसवलं. आप्पाजी असते तर असं झालं नसतं. मी म्हणलं, आप्पाजी असते तर तू इतका बोललापण नसतास. त्यानं फोन ठेवला.

ठीक आहे. चूक नियमांची आहे. नाकाला नाक लावायला बंदी, हा काय नियम झाला?

८ ऑक्टोबर, बुधवार.

दोन बस, एक ऑटो. क्वारंटाइनच्या गेटवर पोचले अकराला. गूळ नेला होता. गार्ड म्हणाला, आत नाही. मी म्हणलं, मी लांबून बघते. तो म्हणाला, लांबून इथूनच बघा. गेटवरून एक पत्रा दिसतो आणि नीलगिरीची झाडं. मी म्हणलं, घोडी आजारी आहे का. नाही. मग मी आजारी आहे का. तो म्हणाला, तुमचं मला माहीत नाही, अम्मा, तुम्ही टेस्ट केली का.

सगळे उलट उत्तर द्यायला शिकलेत. शाळेत हेच शिकवतात वाटतं हल्ली.

एकदा खिंकाळल्याचा आवाज आला. अबोलीचा नव्हता. अबोलीचा असता तर मला कळलं असतं. बहुतेक अबोलीचा होता.

गूळ गार्डनं खाल्ला.

१२ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११.

विजय. संपूर्ण विजय.

वीणा लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, आई, एक राहिलंय. शेवटी मालकाची सही लागते, पाठवायला संमती. मी म्हणलं, घे अजिंक्यची. ती म्हणाली, पासपोर्टवर मालक तुम्ही आहात. बाबांनी हॉस्पिटलात असताना तुमच्या नावावर केली होती.

म्हणजे मी महिनाभर दिवे लावत, मेंदी भिजवत, कोहळे फोडत हिंडले, आणि मला नुसतं नाही म्हणायचं होतं.

वीणाला विचारलं, हे तुझ्या एक्सेलमध्ये कधीपासून आहे. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून, शेवटची ओळ आहे. मी म्हणलं, मग सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलंच नाहीत, आई, तुम्ही नुसतं बघून घेईन म्हणालात. खोटं आहे. मी मोठ्यानं कधी म्हणाले नव्हते. की म्हणाले होते.

असो. सही चार नोव्हेंबरला, क्वारंटाइनमध्येच, सगळ्यांसमोर. मी तिथं नाही म्हणणार. मराठीत आणि कन्नडमध्ये. बूटवालीला नीट कळलं पाहिजे.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

घोडी ठेवायची कुठं याचा विचार केला. सोपा आहे. आपली बिल्डिंग. खाली पार्किंगमध्ये अजिंक्यची गाडी, तिच्याजवळ वीणाची स्कूटी. स्कूटी रस्त्यावर लावता येते. टेप घेऊन मोजलं. लांबी बरोबर. उंचीला अबोलीनं मान खाली ठेवली तर बसते. दिवसभर खाली ठेवायला सांगीन. ऐकते ती माझं.

चाऱ्याला जिन्याखालची जागा. लीद झाडांना. आमच्या बनशंकरीत इतके लोक कुत्री पाळतात, घोडं काय जास्त करतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

बिल्डिंगच्या सेक्रेटरीकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं. चहा दिला. मग विचारलं, आज्जी, घरी सगळं बरं आहे ना. मी म्हणलं, घोडीला हो म्हणा की नाही म्हणा, माझ्या डोक्याची चौकशी नको. ते म्हणाले नाही.

मग उमाकांतला फोन केला. सुलतानच्या शेजारी एक जागा आहे त्याच्याकडं. सुलतानचा रिपोर्ट निल आलाय, मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, तानक्का, बाकी काहीपण मागा. मी म्हणलं, बाकी काही नकोय रे. तो म्हणाला, मग बेडा, नकोच.

तबेल्याच्या मालकाकडं गेले. तिथं जेसीबी आलाय. भिंत अजून आहे.

जागा होईल. वेळ आहे अजून.

२६ ऑक्टोबर, रविवार.

मैत्रेयीचा फोन. तिला कुणीतरी सांगितलंय. म्हणाली, आजी, तुला नसेल पाठवायचं तर नको सही करू, सिरियसली. मी मॅनेज करीन. मी म्हणलं, तुझा निळा रंग फुकट जाईल. ती म्हणाली, दुसरं काहीतरी ठेवू तिथं, सायकल.

मी भांडायच्या तयारीत बसले होते. पोरीनं भांडणच काढून घेतलं. आजकालची पोरं लबाड असतात. मोठ्या मनाची असल्यासारखं बोलतात नि आपण तोंडघशी.

मी म्हणलं, विचार करते. मी विचार करत नाहीये. माझं ठरलंय.

३ नोव्हेंबर, सोमवार.

भाषण पाठ केलं. आरशासमोर म्हणून बघितलं. मराठीत तीन मिनिटं, कन्नडमध्ये दोन. सुरुवात: ही घोडी माझ्या पदरात जन्मली. शेवट: तुमच्या नळ्या, तुमची बुचं, तुमच्याकडं ठेवा.

इरकल लुगडं इस्त्री केलं. चष्मा पुसला. अजून जागा झाली नाही, पण ते नंतरचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १, क्वारंटाइनच्या ऑफिसात बसून.

आत सोडलं. पाय ट्रेमध्ये बुडवायला लावले, बुडवले. अबोलीला बाहेर आणलं. मेंदी जवळजवळ गेलीये, पाय परत पांढरा. भरलीये. अंगावर हात फिरवला तर तेल लावल्यासारखं. बत्तीस दिवसांचा ताप लिहिलेला कागद दाखवला बूटवालीनं, एक आकडा इकडचा तिकडं नाही. रक्त परत तपासलं, निल.

मी हाक मारली. अबोलीनं कान माझ्याकडं केला. नाक मात्र बूटवालीच्या कोटाच्या खिशात. गाजर असतं तिथं. मी म्हणलं, चावत नाही का तुम्हाला. ती म्हणाली, पहिल्या आठवड्यात दोनदा चावली. बाही वर करून दाखवलं. रजिस्टरला लिहिलं नाही, म्हणाली, उगाच पेपरवर वाईट दिसतं.

मग टेबलावर दोन फॉर्म ठेवले. एक पाठवायची संमती. एक घोडी परत घ्यायचा. अजिंक्य खिडकीबाहेर बघत होता, वीणा मोबाईलमध्ये. बूटवाली म्हणाली, अम्मा, तुमची घोडी, तुमचा निर्णय. कुणी काही बोलणार नाही. पण परत घ्यायची तर आजच हलवायला लागेल, इथं उद्या दुसरी घोडी येताहेत.

मी परत घ्यायचा फॉर्म ओढला. भाषण त्यानंतर करणार होते. नाव लिहिलं, तानूबाई आप्पाजी. वय सदुसष्ट, खरं. पुढचा रकाना: जनावर कुठं ठेवणार, पूर्ण पत्ता.

बनशंक एवढं लिहिलं.

बाहेर अबोली गाजर खात होती, कडाकडा आवाज येत होता. मग मी ते खोडलं. बूटवाली म्हणाली, खाडाखोड चालत नाही, नवा फॉर्म देते. मी म्हणलं, नको. तो दुसरा द्या.

त्यावर पत्ता मस्कतचा, आधीच छापलेला होता. फक्त सही करायची होती.

सायंकाळी ६.

घरी आलो. गाडीत भाषण आठवत होतं, कुणाला म्हणून दाखवलं नाही. वीणानं चहा केला. आलं घालायला विसरली. तसाच प्यायले.